सापाला पाय असतात तेव्हा

(दृश्य: जुनी सुती गोधडी. कॅमेरा वरच्या ओळीतल्या पहिल्या चौकटीवर थांबतो.)

ही बायबलमधली एदेनची बाग. आदाम, हव्वा, हत्ती, उंट, शहामृग. आणि हा साप. नीट बघा, सापाला पाय आहेत.

गोधडी हॅरिएट पॉवर्स यांनी शिवलेली. त्यांचा जन्म १८३७ चा, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, गुलामगिरीत. गोधडी झाली १८८५-८६ च्या सुमारास. तोवर गुलामगिरी संपून वीस वर्षं लोटली होती आणि हे कुटुंब अथेन्स गावाजवळ शेती करून राहत होतं. गोधडीत ११ चौकटी आहेत. बागेपासून सुरुवात, मग काइन आणि हाबेल, याकोबाची शिडी, येशूचा बाप्तिस्मा, क्रूस, शेवटचं भोजन. अखेरीस मरीया, योसेफ आणि बाळ.

(दृश्य: एक आकृती, अगदी जवळून. कापडाची दुमडलेली कड.)

सुईने रंगवता येत नाही. आधी आकार कातरायचा, कडा बोटाने आत दुमडायच्या, टाचणीने जागेवर धरायचा आणि मग टाके घालायचे. आकृती जितकी लहान तितकी कड हट्टी. आतल्या बाजूला वळणारी कड असेल तर तिथे कात्रीचं टोक लावून बारीक चिरा द्याव्या लागतात, नाहीतर कापड चुण्या धरतं. चीर जरा खोल गेली की धागे सुटायला लागतात. म्हणून अशा कामात नाकडोळ्यांच्या फंदात न पडलेलंच बरं. माणूस ओळखू यायला हवा तो त्याच्या उभं राहण्यावरून, हात वर करण्यावरून. हॅरिएट यांच्या आकृत्या नेमक्या अशाच आहेत. काही शिलाई हाताची, काही मशीनची. मग वरचं चित्र, मधला कापूस आणि खालचं अस्तर यांतून एकत्र धावदोरा जातो. तो जिथून जातो तिथे गोधडी दबते आणि आजूबाजूला फुगते. छायाचित्रात हे कळत नाही.

१८८६ साली अथेन्सच्या कापूस-जत्रेत ही गोधडी मांडली होती. जेनी स्मिथ नावाच्या चित्रकलेच्या शिक्षिकेने ती पाहिली आणि विकत मागितली. हॅरिएट यांनी साफ नकार दिला. पुढे काही वर्षांनी घरात ओढाताण सुरू झाली, तेव्हा त्या स्वतःच गोधडी घेऊन आल्या. स्वच्छ पिशवीत घातलेली, वर गोणपाट गुंडाळलेलं. मागितले दहा डॉलर. स्मिथबाईंनी पाचच देऊ केले, आणि नवऱ्याच्या सल्ल्याने त्यांनी ते घेतले.

पण गोधडी नुसती देऊन त्या निघून गेल्या नाहीत. एकेका चौकटीचा अर्थ त्यांनी सांगितला आणि स्मिथबाईंनी तो लिहून घेतला. आज आपण ही गोधडी वाचू शकतो ती त्या निरूपणामुळे. नंतरही त्या अधूनमधून आपली गोधडी बघायला येत राहिल्या.

स्मिथबाईंना सापाची मौज वाटली होती. ज्याला पाय नसतात तेवढ्याच प्राण्याला इथे पाय दाखवलेत, असं त्यांनी टिपून ठेवलंय. मला मात्र इथे हॅरिएट यांचंच खरं वाटतं. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात सापाला शाप मिळतो, ‘पोटाने चालशील’ म्हणून. आणि तो मिळतो आदाम-हव्वेने मना केलेलं फळ खाल्ल्यावर. या चौकटीत तर साप अजून हव्वेच्या कानाशी कुजबुजतोय. मग पाय असणारच की! पुष्कळ वर्षं लोक धरून चालले होते की हॅरिएट निरक्षर होत्या. त्यांनीच १८९६ मध्ये लिहिलेल्या पत्रामुळे तो समज मोडला.

(दृश्य: दुसरी गोधडी. १५ चौकटी.)

त्यांच्या हातच्या दोनच गोधड्या आज उरल्यात असं मानतात. पहिली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात, ही दुसरी बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात. ही १८९५ ते १८९८ मधली, आणि हिच्यात बायबलच्या शेजारी आभाळ येऊन बसलंय. १९ मे १७८० चा काळोखा दिवस: वणव्यांच्या धुराने भरदिवसा अंधारलं होतं, असं आता समजतात. १३ नोव्हेंबर १८३३ चा उल्कावर्षाव: हॅरिएट यांच्या जन्माच्या चार वर्षं आधीचा, म्हणजे वडीलधाऱ्यांकडून ऐकलेला. लोकांना वाटलं, जग बुडालं. हॅरिएट यांनी तिथे देवाचा हात शिवलाय, तारे थोपवून धरणारा.

आणि एका चौकटीत देवाचं नाव न शिकलेले श्रीमंत लोक आहेत, त्यांना झालेली कायमची शिक्षा आहे. त्याच चौकटीत एक डुकरीण. जॉर्जियाहून पळाली ती ५०० मैलांवर व्हर्जिनियात पोचली, असं सोबतच्या टिपणात म्हटलंय. शिक्षा भोगणाऱ्यांशी तिचा काय संबंध, ते टिपणात नाही. तिचं नाव मात्र आवर्जून दिलंय: बेट्स.