मालकाला काढता न येणारा माणूस

मंडळी, आजचा विषय 'वकील आणि कामगार चळवळ' असा जाहीर झाला आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. मुंबईच्या गिरणी कामगाराला वकील हवा होता तो केवळ कोर्टात बोलण्यासाठी नव्हे. ज्याला मालक कामावरून काढू शकत नाही असा एक तरी माणूस त्याला आपल्या बाजूला हवा होता.

गिरणीतली नोकरी जॉबरच्या, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या, हातात. रत्नागिरीहून बोटीने आलेल्या पोराला साच्यावर उभा करायचा तो जॉबर, आणि त्याने तोंड उघडलं की दुसऱ्या दिवशी दारातूनच परत पाठवायचा तोही जॉबर. कित्येकदा कर्जही त्याच्याचकडून घेतलेलं. अशा माणसाने युनियनचा सेक्रेटरी कसं व्हायचं, सांगा!

आता १९०८. टिळकांच्या खटल्याची गोष्ट तुम्हा सगळ्यांना पाठ आहे, तरी तिचं एक टोक मला पुन्हा सांगायचंय. १८९७ च्या पहिल्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिले बॅरिस्टर दिनशा दावर. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी जामीन दिला. अकरा वर्षांनी दावर स्वतः न्यायासनावर बसले. समोर तेच टिळक, कलम तेच, जामीन मागायला उभे बॅरिस्टर जिना. दावरांनी जामीन नाकारला! आणि २२ जुलैच्या रात्री सात गोरे विरुद्ध दोन पारशी असा ज्यूरीचा कौल घेऊन सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. त्या दोन पारशी गृहस्थांबद्दल मला फार आदर आहे. त्या दालनात 'निर्दोषी' म्हणायला छाती लागत होती.

एकवीस तासांहून जास्त चाललेलं टिळकांचं भाषण आपण आठवतो. ते एलएल.बी. होते, पुण्यात त्यांनी कायद्याचा वर्गही चालवला होता. ती सगळी तालीम त्या भाषणात आहे. पण दालनाबाहेर काय झालं? दुसऱ्या दिवसापासून गिरण्या थांबल्या. शिक्षेच्या एकेका वर्षाला एक दिवस, असा सहा दिवस संप. लष्कर रस्त्यावर आलं, गोळीबार झाला, माणसं मेली. लेनिनने त्याच वर्षी त्याची दखल घेतली. आपल्या शाळेच्या पुस्तकात मात्र भाषण येतं आणि गोळी खाणारा कामगार येत नाही. ही माझी जुनी तक्रार आहे आणि मी ती सोडणार नाही.

दुसरी तक्रार जोसेफ बॅप्टिस्टांबद्दल. माझगावचे, माथारपाखाडीचे, १८६४ चा जन्म, केंब्रिजला शिकलेले बॅरिस्टर. लोक त्यांना काका म्हणत. १९१० मध्ये सावरकरांच्या बचावाला उभे राहिलेल्यांत ते होते, १९१६ मध्ये टिळकांच्या होमरूल लीगचे अध्यक्ष, १९२५ मध्ये मुंबईचे महापौर. भंडारवाड्याच्या टेकडीवर पाण्याच्या टाकीवरची बाग आहे ना, डॉकयार्ड रोड स्टेशनालगत, ती त्यांच्या नावाची. संध्याकाळी तिथे फिरणाऱ्यांना विचारा, हे बॅप्टिस्टा कोण. एखादा सांगेल, 'कुणीतरी पाद्री असतील.' मला वाईट वाटतं हो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, म्हणून मुख्य मुद्दा भराभर मांडतो.

३१ ऑक्टोबर १९२०, मुंबईचं एम्पायर थिएटर, आयटकची, म्हणजे अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची, स्थापना. टिळकांना जाऊन तीन महिने झाले होते. अध्यक्ष लाला लजपतराय, हिसार आणि लाहोरला वकिली केलेले. उपाध्यक्ष बॅप्टिस्टा, सरचिटणीस दिवाण चमनलाल, दोघेही बॅरिस्टर. हीच वेळ का? पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहातलं ३८९ वं कलम वाचा. आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेला जाणारा प्रतिनिधी सरकारने कामगारांच्या सर्वांत प्रातिनिधिक संघटनेच्या संमतीने निवडावा, असं ते म्हणतं. १९१९ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेला कामगार पुढारी ना. म. जोशी गेले ते सरकारने नेमून. अखिल भारतीय संघटनाच नसेल तर संमती घेणार कुणाची? ती उभी करण्यामागे जी कारणं होती त्यात हे कलम मोठं होतं. पुढच्याच वर्षी झरियाच्या कोळसा खाणींच्या मुलखात दुसरं अधिवेशन झालं, अध्यक्ष बॅप्टिस्टा.

त्याच सुमाराला मद्रासला बकिंगहॅम आणि कर्नाटिक मिलच्या मालकांनी युनियनच्या पुढाऱ्यांवर हायकोर्टातून मनाई हुकूम आणला. म्हणजे आता बाहेरच्या माणसालाही धरता येऊ लागलं. ना. म. जोशींनी मध्यवर्ती कायदेमंडळात संरक्षणाची मागणी केली आणि १९२६ चा ट्रेड युनियन कायदा आला. त्याचं सतरावं कलम फौजदारी कटाच्या आरोपापासून वाचवायचं, अठरावं दिवाणी दाव्यापासून. आणि बाविसावं! तेव्हाच्या त्या कलमाप्रमाणे पदाधिकाऱ्यांपैकी निम्मे तरी प्रत्यक्ष त्या धंद्यात काम करणारे लागत. उरलेले निम्मे बाहेरचे चालत. बॅप्टिस्टांसारख्यांची जागा अशी कायद्यातच लिहिली गेली.

ती निम्मी जागा कामगारांच्या फायद्याची ठरली की पुढारी त्यांच्या डोक्यावर बसले, यावर परळमध्ये रात्ररात्र भांडणं झाली आहेत. माझं मत विचाराल, तर १९३८ चं औद्योगिक विवाद विधेयक पाहा. संपावर बंधनं घालणाऱ्या त्या विधेयकाविरुद्ध मुंबईच्या विधानसभेत बॅरिस्टर आंबेडकर कलमागून कलम फोडत होते, आणि ७ नोव्हेंबरला त्याच विधेयकाविरुद्ध संपात उतरले. गिरण्यांच्या कुठल्याही हजेरीपटावर त्यांचं नाव नव्हतं, म्हणून ते खोडणं कुठल्याही जॉबरच्या हातात नव्हतं.