पापणी मिटते तेव्हा

सुरुवातीला सगळ्यांनी एक करा. पापण्या एकदा नीट, पूर्ण मिटा. आता उघडा आणि माझ्याकडे बघत राहा, पापणी लवू द्यायची नाही. मी सेकंद मोजते. कॉन्टॅक्ट लेन्स घातलेल्यांनी यात भाग घेऊ नका.

पाच... सहा... सात... मागच्या रांगेत काहींनी पापणी मिटलीच. बाकीच्यांना चरचरायला लागलं ना? आता मिटा.

तुमच्या बुबुळावर अश्रूंचा एक पडदा असतो आणि तो फाटायला लागला की डोळा अशी चुरचुर करून पापणीला बोलावतो. आम्ही दवाखान्यात हेच पिवळा रंग आणि निळा प्रकाश वापरून बघतो. पापणी लवल्यापासून पडद्यात पहिलं भोक पडेपर्यंतचे सेकंद मोजायचे. १० सेकंदांच्या आत पडदा फाटत असेल, तर आम्ही डोळ्यांच्या कोरडेपणाच्या दिशेने विचार करायला लागतो.

हा पडदा सुमारे ३ मायक्रॉन जाड असतो, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण विसाव्या भागाएवढा. पण त्याच्यावाचून दिसत नाही. प्रकाश डोळ्यात शिरताना सगळ्यात आधी याच्यातून जातो. हा खडबडीत झाला की अक्षरं पुसट होतात आणि पापणी मिटली की परत स्पष्ट होतात. ‘वाचता वाचता मध्येच धूसर होतं, डोळे मिचकावले की नीट दिसतं’ असं कुणी म्हणालं, की मी चष्म्याचा नंबर तपासतेच, पण त्याआधी पडदा बघते. शिवाय कॉर्निया, म्हणजे बुबुळापुढची पारदर्शक काच, हिच्यात रक्तवाहिन्या नसतात. जागेपणी तिला लागणारा बहुतेक प्राणवायू हवेतून, याच पडद्यात विरघळून मिळतो.

आता हा पडदा कशाचा असतो? विचारलं तर सगळे म्हणतात, पाण्याचा. पाणी असतंच, वरच्या पापणीआड बाहेरच्या कोपऱ्याला असलेली अश्रुग्रंथी ते पुरवते. पण नुसतं पाणी काचेवर टिकत नाही, ओघळून जातं. त्याला धरून ठेवायला तळाशी चिकट श्लेष्म लागतं. आणि ते उडून जाऊ नये म्हणून वर तेलाचा पापुद्रा लागतो. हे तेल पापण्यांच्या काठावर, पापणीच्या केसांच्या जरा मागे उघडणाऱ्या ग्रंथींतून येतं. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४० ग्रंथी, खालच्या पापणीत २० ते ३०. हाइनरिख मायबोम या जर्मन वैद्याने १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. आपण ‘डोळ्यांत तेल घालून’ राखण करतो म्हणतो, ते तेल डोळा दिवसभर स्वतःच घालत असतो. पापणी लवली की ग्रंथी दाबल्या जातात, थोडं तेल बाहेर येतं आणि पापणी उघडताना ते बुबुळावर पसरतं.

एवढं सविस्तर सांगायचं कारण असं, की कोरड्या डोळ्यांच्या बहुतेक लोकांत खरा बिघाड या तेलात असतो. पाणी तयार होतं, पण वर झाकण नसल्यामुळे भराभर उडून जातं. मागे राहिलेले अश्रू जास्त खारट होतात. त्या खारटपणाने पृष्ठभागाला सूज येते, सुजेमुळे श्लेष्म बनवणाऱ्या पेशी मरतात, त्या गेल्या की पडदा आणखी लवकर फाटतो. मग अश्रू अजून खारट. हे चक्र एकदा फिरायला लागलं, की आपोआप थांबत नाही.

यातूनच ती गोष्ट होते, जी ऐकून लोकांचा माझ्यावर विश्वास बसत नाही. माणूस रुमाल हातात धरून येतो. ‘डॉक्टर, डोळ्यांतून सारखं पाणी गळतं.’ तपासून मी सांगते, डोळे कोरडे आहेत. त्याला वाटतं, बाईंनी नीट ऐकलेलं दिसत नाही. पण पडदा फाटून बुबुळ उघडं पडलं, की तिथल्या नसा ओरडतात आणि अश्रुग्रंथी एकदम पाण्याचा लोंढा सोडते. कांदा चिरताना येतं तसलं पाणी. ते गालावर ओघळतं, पडद्याच्या कामाला येत नाही. पाणी गळण्याला इतरही कारणं आहेत, अश्रुनलिका बंद होणं हे त्यांतलं एक. म्हणून तपासणी हवीच. पण वाऱ्यात, वाचताना, स्क्रीनसमोर पाणी येत असेल, तर कोरडेपणा मनात धरा.

स्क्रीनबद्दल लोक मला प्रकाशाविषयीच विचारतात: निळा प्रकाश, विशेष चष्मे. मला काळजी वाटते ती पापणीची. गप्पा मारताना आपण मिनिटाला साधारण १५ वेळा पापणी मिटतो. स्क्रीनकडे एकटक बघताना हा आकडा निम्म्याहून खाली जातो. त्यातही बऱ्याच वेळा पापणी अर्ध्यावरूनच परत फिरते. खालचा भाग उघडाच राहतो आणि ग्रंथींतून तेलही नीट निघत नाही. पडदा १० सेकंदांत फाटणार आणि पापणी १२ सेकंदांनी येणार, मग मधले दोन सेकंद बुबुळ वाऱ्यावर. दिवसातून असं हजारो वेळा होतं.

म्हणून माझा पहिला सल्ला फुकटचा आहे, आणि कदाचित म्हणूनच लोक तो मनावर घेत नाहीत. दर वीस मिनिटांनी नजर लांब न्या आणि त्या वेळी सावकाश पापण्या मिटा. मिटलेल्या पापण्या एकमेकींना टेकल्या पाहिजेत. दोन सेकंद थांबा, अगदी हलका दाब द्या, उघडा. असं आठ-दहा वेळा. स्क्रीन नजरेच्या पातळीच्या खाली ठेवा. वर बघताना डोळा जास्त उघडतो आणि जास्त वाळतो. पंख्याचा किंवा एसीचा झोत चेहऱ्यावर घेऊ नका, दिशा बदला. बाहेर वारा असेल तर बाजू झाकणारा चष्मा घाला. धूर टाळा, सिगारेटचा तर नक्कीच.

दुसरं काम शेकण्याचं. बिघडलेल्या ग्रंथींतलं तेल टूथपेस्टसारखं घट्ट होतं. ते पातळ व्हायला पापणीला ४० अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते, तीही पाच ते दहा मिनिटं. ओला रुमाल मिनिट-दोन मिनिटांत गार होतो. ‘शेकून काही फरक पडला नाही’ म्हणणाऱ्यांना मी विचारते, रुमाल किती वेळा गरम पाण्यात बुडवला? उत्तर बहुधा ‘एकदाच’ असं येतं. परत परत बुडवा, आधी मनगटावर लावून बघा, भाजता कामा नये. मग वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, केसांच्या रेषेकडे बोटाने हळुवार चोळा. बुबुळावर दाब नको. शेवटी पापण्यांचा काठ स्वच्छ पुसा, तिथे कोंडा आणि चिपडं साचतात. हे रोज करावं लागतं आणि गुण यायला काही आठवडे जातात.

आता थेंब. डोळ्यात एका वेळी साधारण ७ मायक्रोलिटर अश्रू असतात आणि बाटलीतल्या एका थेंबात ३० ते ५० मायक्रोलिटर. म्हणजे एकच थेंब डोळ्याला पेलत नाही, दोन-तीन घालणारे बाकीचं औषध गालावर घालतात. कृत्रिम अश्रू दिवसातून चार-सहा वेळांपेक्षा जास्त लागत असतील, तर प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे औषध टिकवणारं रसायन, नसलेले मागा. बऱ्याच थेंबांत असणारं बेंझाल्कोनियम क्लोराइड हे प्रिझर्व्हेटिव्ह वारंवार गेलं, तर पृष्ठभागालाच इजा करतं.

लाली घालवणारे थेंब नकोत. ते रक्तवाहिन्या आकसवतात, डोळा पांढरा दिसतो, परिणाम उतरला की पहिल्यापेक्षा लाल होतो. आणि स्टेरॉइडचे थेंब मनाने वापरू नका, हे मी हात जोडून सांगते. त्यांनी पहिल्या दिवशी इतकं बरं वाटतं, की माणूस जुनी चिठ्ठी दाखवून तेच परत आणतो. काही जणांत त्यांनी डोळ्याचा दाब वाढतो, काचबिंदू होतो, मोतीबिंदू लवकर येतो. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत आणता येत नाही. आमच्या देखरेखीखाली थोड्या दिवसांसाठी ते उपयोगी असतात, तेवढंच.

ओमेगा-३ च्या गोळ्यांबद्दल कुणीतरी चिठ्ठी पाठवली आहे. २०१८ मध्ये पाचशेहून जास्त रुग्णांवरचा एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. वर्षभर रोज ३,००० मिलिग्रॅम घेणाऱ्यांना, ऑलिव्ह तेलाच्या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा जास्त फायदा झाला नाही. दोन्ही गटांना थोडं बरं वाटलं होतं. मी त्या लिहून देत नाही.

कोरडेपणाचं कारण कधी डोळ्याच्या बाहेर असतं. सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या, काही नैराश्यविरोधी औषधं, मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन, हे सगळं डोळे कोरडे करू शकतं. मनाने बंद करू नका, पण नेत्रतज्ज्ञाला सांगा. पाळी जाण्याच्या वयात बायकांचा त्रास वाढतो आणि ‘वयामुळे असेल’ म्हणून त्या सोसत बसतात. इथे बसलेल्या बायकांना मुद्दाम सांगते, हे सोसायचं दुखणं नाही, याला उपचार आहेत. सूज कमी करणारे सायक्लोस्पोरिनचे थेंब आहेत. अश्रू वाहून जाण्याच्या बारीक छिद्रात बसवायची बुचं आहेत.

डोळ्यांबरोबर तोंडही कोरडं पडत असेल, कोरडा घास पाण्याशिवाय उतरत नसेल, सांधे दुखत असतील, तर त्याचा संबंध जोडा. हेन्रिक श्योग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने १९३३ मध्ये अशाच १९ बायकांची हकिगत मांडली. त्यांच्या नावाच्या या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवरच उलटते. त्यात रक्ततपासणी लागते, संधिवाततज्ज्ञ लागतो.

आणि तीव्र वेदना, एकाच डोळ्याची लाली, उजेड सहन न होणं, पापणी मिटूनही न जाणारा धूसरपणा, लेन्स वापरणाऱ्याच्या डोळ्यात दुखून घाण येणं, यांतलं काहीही असेल तर घरी शेकत बसू नका. लेन्स काढा आणि त्याच दिवशी तपासून घ्या. लहान मुलाला अंधारात दिसेनासं झालं आणि डोळ्यांचं पांढरं निस्तेज, कोरडं दिसायला लागलं, तर ते ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचं लक्षण असू शकतं. त्या मुलाची तपासणी दुसऱ्या दिवसावर ढकलू नका, लगेच घेऊन या.