दांडेकर, मंडळ आणि मामांचं वावर

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘वि. म. दांडेकर : एका धोरण-अभ्यासकाची वाटचाल’. निम्मा वेळ सत्कारातच गेला. शालीबद्दल आभार, पण ऑक्टोबर हीटमध्ये ती पांघरून बोलायला लावणं ही शिक्षा आहे.

दांडेकर म्हटलं की आपल्याकडे विदर्भात एकच शब्द आठवतो, अनुशेष, म्हणजे विकासात मागं राहिलेल्या भागाची तूट. तिसऱ्या रांगेतल्या काकांनी लगेच मान डोलावली बघा! त्याकडे येतोच. आधी पीकविमा, कारण तुमच्या डोक्यात सध्या तोच आहे.

‘माझं सोयाबीन पिवळं पडून गेलं, मग मंडळाचं उत्पन्न काहून पाहता?’ हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतही विचारतात, ताटात बुंदी पडायच्या आत. मंडळ म्हणजे महसूल खात्यानं आखलेला काही गावांचा भाग; विमा लागतो की नाही, ते त्याच्या सरासरी उत्पन्नावरून ठरतं. तर एकेका वावराऐवजी असा सगळा परिसर धरायची ही कल्पना मांडली दांडेकरांनी. शिव्या द्यायच्या तर द्या, पण आधी कारण ऐका. १९७२ मध्ये गुजरातेत एच-४ या संकरित कपाशीचा विमा सुरू झाला, एकेका शेतकऱ्याच्या वावराचा. पुढे तो दुसऱ्या पिकांना, दुसऱ्या राज्यांतही नेला. १९७९ पर्यंत शेतकरी आले ३,११०. हप्ता जमला ४.५४ लाख, भरपाई गेली ३७.८८ लाख! धुऱ्याधुऱ्यावर, म्हणजे बांधाबांधावर जाऊन नुकसान खरं की खोटं हे बघणार कोण? दांडेकरांनी १९७६ मध्ये लिहिलं : एकेक वावर सोडा, परिसर धरा. परिसराचं उत्पन्न घसरलं तर सगळ्यांना भरपाई. मग लबाडी करून फायदा नाही, आणि मेहनत करणाऱ्याचा तोटाही नाही. १९७९ ची प्रायोगिक योजना त्याच पायावर उभी राहिली.

आता आमच्या मामांचं ऐका. राळेगावकडे त्यांचं वावर. एका वर्षी तिथं पीक कापणी प्रयोग लागला, म्हणजे वावरात चौकोन आखून तेवढंच पीक कापायचं, वजन करायचं आणि अशा वजनांवरून मंडळाचं उत्पन्न काढायचं. कोणाचं वावर घ्यायचं आणि त्यात चौकोन कुठं आखायचा, हे आधी काढलेल्या आकड्यांवरून ठरतं, कुणाच्या मर्जीवर नाही. कृषी सहायक आला, टेप, दोरी, खुंट्या, काटा घेऊन. नैऋत्य कोपऱ्यातून पावलं मोजायला लागला. मामा मागं मागं. ‘साहेब, इकडं काय पाह्यता, तिकडं धुऱ्यापाशी चला ना, पार जळालं थे.’ हेच मामा सोयरे आले की त्यांना त्या धुऱ्याकडे फिरकू देत नसत! सहायक पोरगा म्हणाला, ‘काका, आकडा निघाला तिथंच खुंटी ठोकावी लागते.’ आणि खुंटी बसली नेमकी दरवर्षी शेणखताचा ढीग पडतो त्या जागी. शेंगांनी लगडलेलं सोयाबीन! कापलं, ताडपत्रीवर झोडपलं, काट्यावर घातलं. वजन वाढत गेलं तसा मामांचा चेहरा उतरत गेला. चांगलं पिकलं म्हणून तोंड पाडून बसलेला शेतकरी मी तेव्हाच पाहिला.

त्या साली मंडळाला विमा लागला नाही. सरासरी बऱ्याच वावरांची असते, एकट्या मामांच्यानं काय होणार? पण टपरीवर गणित ऐकतो कोण? ‘बुवा, तुह्या उकिरड्यानं सारं मंडळ बुडवलं!’ मामींनी दुसऱ्याच वर्षी ढिगाची जागा बदलली.

माझी तक्रार मामांबद्दल नाही, दांडेकरांबद्दलही नाही. परिसर एकसारखा हवा, ही अट त्यांचीच होती. आपलं मंडळ पडलं महसुलाच्या सोयीनं : एका टोकाला काळी कसदार, दुसऱ्या टोकाला बरड. रेघ ओढायची तहसीलच्या सोयीनं आणि खापर फोडायचं अभ्यासकावर!

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

तर वाटचाल. जन्म सातारा, १९२०. संख्याशास्त्र कोलकात्याला, संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या संस्थेत. मग पुण्याची गोखले संस्था, पुढे तिथलेच संचालक. १९७१ मध्ये अर्थतज्ज्ञ नीलकंठ रथांसोबत दारिद्र्याचा अभ्यास : माणसाला दिवसाला २,२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च किती, ते काढलं. १९६०-६१ च्या भावानं खेड्यात माणशी वर्षाला १८० रुपये, शहरात २७०. उपाय सुचवला सार्वजनिक कामांचा. आपल्याकडे वि. स. पाग्यांची रोजगार हमी आकार घेत होतीच, कायदा १९७७ चा. त्यावर वेगळं व्याख्यान होईल, बोलवा.

अनुशेष. तो मोजायला नेमलेली दांडेकर समिती १९८३ ची, अहवाल १९८४ चा. त्यांनी जिल्हा हा घटक धरला. राज्याच्या सरासरीखाली जिल्हा जेवढा, तेवढी त्याची तूट. एकूण ३,१८६ कोटींच्या वर, त्यात विदर्भ १,२४६ कोटी, म्हणजे ३९ टक्के. आणि उर्वरित महाराष्ट्र, म्हणजे विदर्भ-मराठवाडा सोडून बाकीचा, ३७ टक्के. काकांची मान थांबली! सरासरीखाली असलेला तिकडचा जिल्हाही यादीत आला, म्हणून आपल्याकडे राग. मला विचाराल तर जिल्हा धरला ते बरंच केलं. अख्खा विदर्भ एक धरला असता तर नागपूरच्या आड गडचिरोली झाकली गेली असती. पण मग जिल्ह्याच्या आड तालुका झाकला जातो, तालुक्याच्या आड मंडळ, आणि मंडळाच्या आड मामांचा धुरा. दांडेकर जन्मभर हेच बघत राहिले, दारिद्र्यात, विम्यात, अनुशेषात : रेघ कुठं ओढली की कोण आत येतं आणि कोण बाहेर राहतं.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. या हंगामात आपल्या मंडळात प्रयोग कोणकोणत्या गटात लागलेत ते कृषी सहायकाला विचारा, कापणीच्या दिवशी धुऱ्यावर हजर राहा. शेणखत कुठं टाकलंय तेही आधी पाहून ठेवा. चला, माईक अध्यक्षांकडे देतो.