वादळात पडलेलं झाड आणि गिटार

श्रोतेहो, नमस्कार. सुट्टीत मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी आज नॅशव्हिलची सफर. टेनेसी राज्याची ही राजधानी गाण्याबजावण्याचं शहर म्हणून ओळखली जाते. शहराच्या पूर्वेला साधारण 20 किलोमीटरवर सातवे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांचं घर आहे, हर्मिटेज. दोन्ही एका दिवसात होतं, पण क्रम चुकवू नका: सकाळी घर, संध्याकाळी गाणं. उन्हाळ्यात तिथे दमट उकाडा असतो आणि हर्मिटेजची पायपीट मोठी. तीन तास हाताशी ठेवा, टोपी आणि पाणी घ्या. अटलांटाकडून गाडीने येणार असाल तर घड्याळ एक तास मागे घ्या. पुन्हा सांगते, सकाळी घर, संध्याकाळी गाणं.

घरात शिरताच भिंतीवरचा कागद बघा. लाकडी ठशांनी छापलेला, पॅरिसहून आणलेला. वडिलांना शोधायला निघालेला ग्रीक कथेतला टेलेमाकस, बेट, समुद्र, सगळं भिंतभर. 1834 साली घराला आग लागली, त्यानंतर घर पुन्हा उभं केलं तेव्हाची ही सजावट.

मागच्या आवाराला मात्र घराइतकाच वेळ द्या. जॅक्सननी 1804 साली ही जमीन घेतली, तेव्हा कुटुंब ओंडक्यांच्या दुमजली घरात राहत असे. 1821 मध्ये विटांचं घर झालं, आणि त्या जुन्या घराचा एक मजला काढून तिथे गुलामांना ठेवलं. जॅक्सन वारले तेव्हा दीडशेच्या आसपास माणसं त्यांच्या मालकीची होती. मूळ रहिवाशांना त्यांच्या भूमीतून हटवणाऱ्या 1830 च्या कायद्यावर सहीही त्यांचीच. इथेच गुलामीत जन्मलेला अल्फ्रेड पुढे मुक्त झाला, म्हातारपणी पाहुण्यांना हेच घर दाखवू लागला, 1901 मध्ये वारला. बागेत, जॅक्सनच्या समाधीजवळच त्याची कबर आहे. आपल्याकडचे वाडे दाखवतानाही नुसता मालकाचा पलंग दाखवू नये, चुलीपाशी कोण राबत होतं तेही सांगावं, असं माझं ठाम मत आहे. असो.

आता माझा आवडता प्रसंग. घरासमोरचा गाडीरस्ता गिटारच्या आकाराचा आहे, बरं का! जॅक्सनची चित्रं काढणारे राल्फ अर्ल यांनी तो आखला, 1830 च्या दशकात. या गावाला कोणी गाण्याचं शहर म्हणायच्या कितीतरी आधी. चालताना आकार कळत नाही, नकाशा हातात घेतला की गिटार दिसते.

16 एप्रिल 1998. टोर्नेडो नॅशव्हिलच्या भरवस्तीत घुसला आणि पूर्वेकडे सरकत हर्मिटेजवर आला. घर वाचलं. झाडं मात्र हजाराच्या वर गेली, हजाराच्या वर! त्यांत ट्युलिप पॉप्लर होता. आपल्या सोनचाफ्याच्या कुळातलं झाड हे, उंच सरळ खोडाचं, हिरवट फुलांच्या तळाशी नारिंगी पट्टा असलेलं, टेनेसीचं राज्यवृक्षच. गिब्सन कंपनीने त्या लाकडाच्या गिटारी केल्या. लेस पॉल जातीची गिटार एरवी महोगनीची, वर मेपलची पाटी. इथे अंगाला ट्युलिप पॉप्लर, आणि बोटं फिरतात त्या पट्टीला हिकरी. ताजं लाकूड तसंच कापलं तर आकसतं, चिरतं, म्हणून आधी सुकवावं लागतं. हिकरी हे अक्रोडाच्या कुळातलं चिवट लाकूड, कुऱ्हाडीचे दांडे त्याचेच. लढाईतले शिपाई जॅक्सनना ‘ओल्ड हिकरी’ म्हणत, आणि गिटारीलाही तेच नाव मिळालं. थोड्याच केल्या, दोनशेच्या आसपास. गिटारीसारख्या रस्त्याच्या आवारातलं झाड शेवटी गिटारच झालं!

आता संध्याकाळ, म्हणजे ग्रँड ओल ऑप्री हा अमेरिकी ग्रामीण ढंगाच्या ‘कंट्री’ गाण्यांचा कार्यक्रम. सगळ्यांची चूक होते ती इथे: रायमन सभागृह वेगळं आणि ग्रँड ओल ऑप्री हाऊस वेगळं. रायमन शहरात आहे, 1892 चं, देवळातल्यासारखे लाकडी बाक असलेलं. ऑप्री कार्यक्रम 1943 पासून 1974 पर्यंत तिथे व्हायचा, मग शहराच्या मध्यवस्तीबाहेर ऑप्री हाऊसमध्ये गेला. नव्या मंचावर मधोमध जुन्या रायमनच्या फळ्यांचं सहा फुटी वर्तुळ बसवलंय, गायक त्यावर उभे राहतात. ऑप्री हाऊसही पूर्वेलाच, त्यामुळे हर्मिटेजवरून परतताना सोयीचं. पण हिवाळ्यात कधी कधी कार्यक्रम रायमनमध्ये असतो, तेव्हा तिकिटावर सभागृहाचं नाव वाचा. वाचाच.

आणि हो, 1925 साली हा कार्यक्रम एका विमा कंपनीच्या रेडिओ केंद्रावर सुरू झाला आणि आजही तो रेडिओवर थेट जातो. गाणं संपलं की मंचाच्या कडेला उभा निवेदक कागद हातात धरून जाहिरात वाचतो. त्या वेळी उठून जाऊ नका, तोही कार्यक्रमच आहे.