‘मेडिक्लेम है क्या?’

मागे ऐकू येतंय ना? आपल्या इंदूरच्या लोकमान्यनगरात माइक लावला की शेजारच्या गल्लीतून तक्रार येते, म्हणून असाच बोलतो.

ही रेक्झिनची फाइल बघा. आमच्या दोघांच्या मेडिक्लेमच्या रिन्यूअल नोटिसा आहेत, मी कागद टाकत नाही, बायको म्हणते तुमच्यामुळे रद्दीवाल्याने आमचं घर सोडून दिलंय. २०१६ ची नोटीस, ५ लाखांचा फ्लोटर, म्हणजे दोघांना मिळून एकच कव्हर, प्रीमियम १९,४०० रुपये. आणि ही २०२५ ची, ६३,२००. कव्हर तेच, ५ लाख. मधल्या नऊ वर्षांत क्लेम किती, तर एक. मग तुम्ही विचारणार की चोर कोण, आणि मी आयुष्यभर सरकारी विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर बसलेला माणूस, तर निम्मे लोक आधीच माझ्याकडेच बघतायत.

आधी तो एक क्लेम सांगतो. बायकोच्या पित्ताशयात खडे निघाले. भाच्याने हॉस्पिटलात फोन करून विचारलं, कॅश दिली तर किती, ते म्हणाले ५५ हजारात सगळं. आम्ही बॅग घेऊन गेलो, काउंटरवरची मुलगी मान वर न करता म्हणाली, ‘अंकल, मेडिक्लेम है क्या?’ आणि मी, चौतीस वर्षं याच धंद्यात घालवलेला शहाणा, खिशातून कार्ड काढून पुढे केलं. डिस्चार्जला बिल आलं १ लाख १८ हजार. डॉक्टर तोच, ऑपरेशन तेच, पोटावर चार भोकं. बिलाची सगळी पानं मागून घेतली, सवय आहे. ग्लोव्हज, ४६ जोड्या. दोन दिवसांत! मी बायकोला विचारलं तुला एवढ्या लोकांनी हात लावला का, ती म्हणाली सिस्टर दिवसातून दोनदा यायची, तीसुद्धा मोबाइलवर बोलत. आणि ग्लोव्हज-मास्क असला माल बहुतेक पॉलिसींत नॉन-पेएबल, म्हणजे ते पैसे आपल्याच खिशातून.

यात एकटं तेच हॉस्पिटल वाईट असं समजू नका. औषधांच्या किमतींवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी एनपीपीएने २०१८ मध्ये दिल्लीकडच्या चार खाजगी हॉस्पिटलांची बिलं तपासली, तर काही वस्तूंवरचा नफा १७०० टक्क्यांच्या वर निघाला. त्याच्या आदल्या वर्षी स्टेंटच्या किमतीला लगाम घातला होता, औषधवाला स्टेंट लाखाच्या वरून ३० हजारांच्या आत आला, खरोखर आला, पण बिलात ओळी पुष्कळ असतात हो, एक दाबली की दुसरी फुगते.

आता जुनी गोष्ट. मेडिक्लेम आलं १९८६ मध्ये, चार सरकारी विमा कंपन्या ते विकायच्या. तेव्हा पैसे आधी पेशंटने भरायचे, मग पावत्या जोडून आमच्याकडे यायचं. आम्ही छळायचो, कबूल करतो, एका सहीसाठी लोकांना तीन चकरा मारायला लावल्यात. पण पैसे आपल्या हातून जायचे म्हणून माणूस काउंटरवर भांडायचा, ‘डॉक्टरसाहेब जरा बघा ना’ म्हणायचा, आणि डॉक्टर बघायचाही. २००१ नंतर टीपीए आले, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम बघणारे मधले लोक, कॅशलेस आलं, म्हणजे बिल कंपनी परस्पर हॉस्पिटलला देणार, लोकांची सोय झाली आणि ते भांडण संपलं. पेशंट म्हणतो कंपनी देतेय, डॉक्टर म्हणतो कंपनी देतेय, आणि कंपनी मनात म्हणते देऊ की, पुढच्या वर्षी यांच्याकडूनच घेऊ.

कंपनीला बिल वाढल्याचं दुःख का नसतं? क्लेम कापायला बसतात तेव्हा असतं, पण लांबचा हिशोब वेगळा आहे. एजंटचं कमिशन प्रीमियमच्या टक्क्यात. कंपनीने ऑफिस, पगार, जाहिराती, कमिशन यांवर किती उडवायचं याची मर्यादाही प्रीमियमच्या टक्क्यात, २०२३ पासून जनरल कंपन्यांना ३० टक्के, फक्त हेल्थ विकणाऱ्यांना ३५. म्हणजे प्रीमियम फुगला की खर्चाची मुभापण फुगते. २०२३-२४ मध्ये सरकारी कंपन्यांनी १०० रुपये प्रीमियममागे १०३ रुपये क्लेमचे दिले, फक्त हेल्थवाल्यांनी साधारण ६५. १०३ चा आकडा ऐकून आमचे जुने साहेब खुश होतात, पण १०३ देणारी कंपनी टिकायची कशी ते सांगत नाहीत.

आणखी एक गंमत असते ती सहसा कुणी सांगत नाही. कंपनी नवीन नावाने नवी पॉलिसी काढते, तरुण पोरं तिकडे जातात, जुन्या पॉलिसीत उरतो आपण सगळे बीपी-शुगरवाले. भिशीत जर फक्त पैसे उचलणारेच राहिले तर हप्ता वाढणारच ना, हप्ता वाढला की त्यातला जरा धडधाकट असेल तो निघून जातो, मग परत हप्ता वाढतो. माझ्या फाइलमधली २०२१ नंतरची प्रीमियमची उडी तीच आहे.

जानेवारी २०२५ मध्ये विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी आयआरडीएआयने सांगितलं की साठीच्या वरच्यांचा प्रीमियम वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी आम्हाला विचारा. चांगलं केलं, पण १० टक्क्यांनीसुद्धा सात-साडेसात वर्षांत दुप्पट होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून आपल्या पर्सनल पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटीही गेला, पण त्यामुळे कंपन्यांना खर्चावरच्या टॅक्सची वजावट मिळत नाही, ते पैसे कुठून काढतील ते तुम्हीच ओळखा.

तरी मला विचाराल तर मोठा वाटा सरकारचा. आम्ही लहान असताना वकील असो की हमाल, ताप उतरला नाही की एमवायला, आपल्या सरकारी हॉस्पिटलात. आता इथे बसलेल्यांपैकी कोण जातं? हात वर करा. बघा. जिकडे जाता येईल असं सरकारी हॉस्पिटलच राहिलं नाही तर खाजगीवाला दर कोणाला भिऊन कमी ठेवेल? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं की २०२५ पर्यंत सरकारचा आरोग्यावरचा खर्च जीडीपीच्या अडीच टक्के करू, २०२१-२२ मध्ये तो १.८४ होता.

काय म्हणता, जोरात? पॉलिसी बंद करू का म्हणताय? अजिबात नको, या वयात नवीन कोण देणार, आणि दिली तर जुन्या आजारांना परत तीन वर्षांपर्यंत थांबायचं. पोर्ट करायचं, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीत न्यायची असेल तर रिन्यूअलच्या निदान ४५ दिवस आधी अर्ज करा, आदल्या आठवड्यात माझ्याकडे धावत येऊ नका. रूम रेंटची ओळ चष्मा लावून वाचा. ३ हजारांची मर्यादा आणि ६ हजारांची खोली घेतली तर कंपनी नुसतं खोलीचं भाडं कापत नाही, बहुतेक वेळा डॉक्टरची फी, ओटी असले खर्चही त्या प्रमाणात अर्धे करते. आणि काउंटरवर कार्ड काढायच्या आधी कॅशचा रेट लिहून घ्या.

ते मागे पंख्याखाली बसलेत ना, ते एजंट आहेत, माझे जुने मित्र, मघापासून मान हलवतायत. या, पुढे या, कमिशनचं तुम्हीच सांगा, मी चहा घेतो तोवर.