मुरडीची शेंग, हाडाची वेल

[दृश्य : आठवडी बाजार. पोत्यावर मांडलेल्या मुळ्या, साली, शेंगा.]

मेळघाटाच्या पायथ्याचा आठवडी बाजार. मिरची, कांदे, प्लास्टिकच्या बादल्या ओलांडून गेलं की कडुनिंबाखाली एक आजी पोतं अंथरून बसलेली दिसते. वजनकाटा नाही, पुढ्यात नुसते वाटे. कशावरही चिठ्ठी नाही. कोणती जडी कशाची, हे तिला विचारलं तर ती जडीच उचलून डोळ्यांसमोर धरते.

“हे पाय बापू, कशी पिळली हाय. लेकराच्या पोटात मुरडा आला का आतडं असंच पिळते. उगाळून दे, थांबते.”

[दृश्य : मुरुडशेंग, जवळून.]

ही मुरुडशेंग. दोर वळावा तशी वळलेली. आपल्याकडच्या बाळगुटीत ती असतेच, सहाणेवर दोन-चार वळसे. शेंगेचं नाव आणि दुखण्याचं नाव एकाच पिळातून आलेलं. तिचं शास्त्रीय नाव हेलिक्टेरिस, तेही ‘पीळ’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. म्हणजे नाव ठेवणाऱ्या वनस्पतीशास्त्रज्ञाचा डोळाही आधी तिथेच गेला.

रूपावरून गुण ओळखायचा, ही समजूत काही एकट्या वऱ्हाडाची नाही. सोळाव्या शतकात युरोपात पॅरासेल्सस नावाचा वैद्य हेच सांगत होता. 1588 मध्ये इटलीतल्या देला पोर्तानं त्यावर अख्खा ग्रंथ छापला. अक्रोड मेंदूसारखा, म्हणून डोक्याला चांगला. त्यांच्या मते ही देवानं झाडावर केलेली खूण होती.

आजी देवाला मध्ये आणत नाही. आणि तिचं ऐकताना आम्हाला वाटत राहिलं की क्रम बहुतेक उलटा असावा. गुण आधी कळला असेल, पिढ्यान्‌पिढ्या देऊन बघून. रूप नंतर जोडलं गेलं. ज्याला लिहिता येत नाही, त्यानं शेकडो झाडं ध्यानात ठेवायची कशी? शेंगेच्या पिळाला आठवण अडकवून ठेवायची.

[दृश्य : कुंपणावरची हाडजोड.]

हाडजोड बघा. चौकोनी कांडं, दर वितीला सांधा, पेरापेरानं वाढत जाणारी वेल. गुरांचं हाड मोडलं तरी हीच ठेचून बांधतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत तिच्यानं हाड लवकर भरून आल्याचं दिसलंय. पण वाकडं बसलेलं हाड वेल सरळ करत नाही. ते बसवणारा हात वेगळाच लागतो.

[दृश्य : नाला, काठावर निरगुडीची झुडपं.]

रूप झालं, तशी जागाही बोलते. निरगुडी नाल्याकाठची. पावसाळ्यात सांधे धरले की तिचा पाला वाफवून बांधायचा.

“पाण्यात पाय देऊन उभी राह्यते, तरी तिले वात नाही. मंग तुह्या गुडघ्याले तीच लागन ना.”

हसू येतं. पण इंग्लंडमधल्या एडवर्ड स्टोन नावाच्या पाद्र्यानं 1763 मध्ये रॉयल सोसायटी या तिथल्या विज्ञानसंस्थेला जे पत्र लिहिलं, त्यातही हाच तर्क आहे. हिवताप दलदलीत होतो, वाळुंजाचं झाडही दलदलीतच वाढतं, तेव्हा उतारा तिथेच असणार. त्यानं वाळुंजाच्या सालीची पूड सुमारे 50 जणांना दिली आणि ताप उतरला. तर्क चुकीचा होता, साल खरी निघाली. तिच्यातल्या द्रव्याचा माग काढत 1897 मध्ये ॲस्पिरिन तयार झालं.

नेम दर वेळी असा लागत नाही. काविळीला पिवळं, रक्ताला लाल, हे ऐकून सोडून द्यावं. शिवलिंगीच्या बीवर पिंडीचा आकार दिसतो, म्हणून ती मुलगा व्हावा यासाठी बायकांना गिळायला लावतात; तिथे मात्र ऐकून सोडून देववत नाही. कळलावीचं नावच सांगतं, बाळंतपणाच्या कळा लावणारी. श्रावणात रानात ती जाळासारखी फुलते, आणि तिच्या कंदात कोल्चिसिन नावाचं जहर असतं.

[दृश्य : सर्पगंधाची मुळी, आजीच्या तळहातावर.]

आणि ही सर्पगंधा. वेडीवाकडी, सापासारखी, म्हणून सापावर. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी 1949 मध्ये तिचा रक्तदाबावरचा गुण जगापुढे मांडला. 1952 मध्ये तिच्यातून रेसरपिन नावाचं द्रव्य वेगळं काढलं गेलं आणि पुढे जगभर लोकांनी त्याच्या गोळ्या घेतल्या. म्हणजे मुळीत औषध होतंच, पण भलत्याच दुखण्याचं. नागाचं विष तिच्यानं उतरत नाही. ते उतरवणारी लस सरकारी दवाखान्यात मिळते, आणि पाड्यावरून दवाखाना गाठेपर्यंत जितका वेळ जडी चाटवत बसतात, तेवढा वेळ विषाला मिळतो.

हे आजीला कसं विचारावं, कळेना. शेवटी विचारलंच. आजी, तुमच्या घरात कोणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, तर?

तिनं मुळी परत वाट्यात ठेवली.

“जडी मंग. आधी पाहाचं, गावात गाडी कोणापाशी हाय.”