‘बेड आहे का?’

नमस्कार. स्लाइड्स आणणार का, असं आयोजकांनी विचारलं होतं. नाही आणल्या. स्लाइड्स दाखवता दाखवताच मी एकदा चांगली तोंडघशी पडले आहे. आजचं बोलणं तिथूनच सुरू करते.

आपत्कालीन रुग्णाला जवळच्या रुग्णालयाशी जोडून देणारं ॲप आम्ही बनवलं होतं. एका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत त्याचं पहिलं प्रात्यक्षिक होतं. भिंतीवर नकाशा, नकाशावर ठिपके. हिरवा म्हणजे बेड आहे, लाल म्हणजे भरलंय. मी नकाशा मोठा करून दाखवत होते, डॉक्टर माना डोलावत होते. दाराला टेकून एक सिस्टर उभ्या होत्या, रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या. त्यांनी विचारलं, “आमचा ठिपका हिरवा कुणी केला?”

मी म्हटलं, सिस्टिमने. “सिस्टिमने म्हणजे कुणी?” शोधलं, तर आदल्या दिवशी दुपारी ऑफिसातून कुणीतरी आकडा भरला होता. “रात्री दोनपासून आमच्याकडे पाय ठेवायला जागा नाही,” एवढं बोलून त्यांनी पर्स खांद्याला लावली आणि गेल्या.

नकाशा काढणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे, हे मला त्या दिवशी कळलं. तरी आधी सोप्याबद्दल बोलते, कारण त्यातही आम्ही पुरेशा चुका केल्या.

फोन हातात असलेल्या माणसापासून सुरुवात करू. घरात कुणी कोसळलं की त्याची बोटं त्याचं ऐकत नाहीत. एका सरावात आम्ही लोकांना मुद्दाम घाईत टाकलं, शेजारी अलार्म लावून ठेवला. जवळजवळ प्रत्येकाने बटण दोनतीनदा दाबलं. प्रत्येक दाबण्याला आमच्या ॲपने नवी विनंती मानली. एका रुग्णासाठी तीन रुग्णालयांत स्ट्रेचर बाहेर आले! पुन्हा दाबलं तर काहीही करायचं नाही, फक्त ‘निरोप पोहोचलाय’ असं मोठ्या अक्षरांत दाखवायचं, ही दुरुस्ती दहा ओळींची होती. सुचायला मात्र तो गोंधळ डोळ्यांनी बघावा लागला.

मग ठिकाण. मोकळ्या आकाशाखाली साध्या स्मार्टफोनचं जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत नेमकं असतं. पण आजारी माणूस मोकळ्या मैदानात थोडाच पडतो? तो न्हाणीघरात पडतो, जिन्यात पडतो, तळघरातल्या पार्किंगमध्ये पडतो. तिथे नकाशावरचा ठिपका शेजारच्या इमारतीवर जाऊन बसतो, आणि मजला तर तो सांगतच नाही. म्हणून आम्ही ठिकाणाबद्दल एकच प्रश्न ठेवलाय : कितवा मजला?

यातलं बरंचसं काम आता फोन स्वतःच करतो. अँड्रॉइडने २०१६ पासून आणि आयफोनने २०१८ पासून अशी सोय दिली की, आपत्कालीन क्रमांक लावताच फोन आपलं ठिकाण गुपचूप नियंत्रण कक्षाला पाठवतो. ज्या देशांनी ही यंत्रणा स्वीकारलीय तिथे त्यासाठी वेगळं ॲप लागत नाही. हे ॲप बनवणाऱ्या बाईने सांगणं जरा विचित्र वाटेल, पण आमचं बटण दाबलं की आधी तो अधिकृत क्रमांकच लागतो आणि बाकीचं मागून चालतं. माणसाशी बोलणं तोडून त्या जागी पडदा आणणारं ॲप मला धोक्याचं वाटतं.

आता ‘जवळचं’ या शब्दाकडे येऊ. आमच्या पहिल्या आवृत्तीत जवळचं म्हणजे सरळ रेषेत जवळचं होतं. नदीच्या पलीकडचं रुग्णालय सरळ रेषेत अर्धा किलोमीटर असतं आणि पूल पाच किलोमीटरवर. रस्त्याने सर्वांत कमी वाट कशी काढायची हे गणित जुनं आहे. डाइक्स्ट्रा या डच संगणकतज्ज्ञाने ते १९५६ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या एका कॅफेत बसून, कागद-पेन्सिल न घेता, वीसेक मिनिटांत सोडवलं आणि १९५९ मध्ये छापलं. आजचे नकाशे त्याच्याच वंशातल्या रीती वापरतात. अंतराच्या जागी मिनिटं धरली की झालं.

पण गणित रस्त्यापर्यंतच नेतं. आमच्या एका रुग्णालयाची खूण इमारतीच्या बरोबर मधोमध टोचलेली होती. इमारत लांबलचक, दोन रस्त्यांच्या मध्ये. नकाशाने गाडी मागच्या गल्लीत नेली, कारण मधल्या बिंदूला ती गल्ली दोन पावलं जवळ होती. तिथे एक लोखंडी फाटक, त्याला कुलूप आणि आत कपडे धुण्याचा विभाग. कॅज्युअल्टीचं दार पुढच्या बाजूला, वळसा सहा मिनिटांचा. सुदैवाने गाडीतल्या मुलाचा फक्त हात मोडला होता. त्यानंतर आमच्यातला एक जण प्रत्येक रुग्णालयात जाऊन स्ट्रेचर जिथून आत जातो त्या दारासमोर उभा राहिला आणि तिथली खूण घेऊन आला. महिना गेला त्यात. अख्ख्या ॲपमधला सर्वांत उपयोगी महिना, असं माझं मत आहे.

समजा दार बरोबर सापडलं. पण ते रुग्णालय बरोबर आहे का?

पक्षाघाताचं उदाहरण घेते, कारण तिथे हा पेच सगळ्यात उघडा दिसतो. मेंदूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने तुंबली की उपचार न झालेल्या दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ मध्ये मांडला गेला. गुठळी विरघळवणारं औषध शिरेतून द्यायचं तर लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत, ही नेहमीची मर्यादा. त्याआधी सीटी स्कॅन हवाच; कारण रक्तस्राव असेल तर तेच औषध जीव घेईल. गुठळी मोठी असेल तर नळी घालून ती ओढून काढतात. २०१५ मधल्या चाचण्यांनी हा उपाय पक्का केला, आणि निवडक रुग्णांत तो २४ तासांपर्यंत करता येतो हे २०१८ मध्ये दिसलं. पण ते करणारी टीम मोजक्याच ठिकाणी असते.

तर दहा मिनिटांवरच्या सीटी असलेल्या रुग्णालयात आधी जायचं, की चाळीस मिनिटांवरच्या नळी घालणाऱ्या केंद्रात थेट? मला वाटायचं, उत्तर सरळ आहे, थेट मोठ्या ठिकाणी. मग स्पेनमधल्या कॅटालोनियातली चाचणी वाचली. मोठ्या शहराबाहेरचे, मोठी रक्तवाहिनी तुंबली असावी असा संशय असलेले सुमारे १,४०० रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले होते. काही आधी जवळच्या केंद्रात नेले, काही थेट मोठ्या. २०२२ मध्ये निकाल छापून आला : ९० दिवसांनी दोन्ही गटांच्या प्रकृतीत म्हणण्यासारखा फरक नाही. तिथली जवळची केंद्रंही तरबेज होती, हे विसरू नका. आमच्या कोडमधली ‘थेट मोठ्या ठिकाणी’ ही ओळ मी त्या आठवड्यात काढून टाकली. हा निर्णय आता त्या त्या भागातल्या डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या तक्त्यावरून होतो.

ॲपने मात्र एक गोष्ट जरूर विचारावी आणि आम्ही विचारतो : “माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला?” लक्षणं कधी दिसली, असं नाही. सकाळी सातला तोंड वाकडं झालेलं दिसलं, पण रात्री अकराला झोपताना ठीक होता, तर घड्याळ अकरापासून धरायचं. नातेवाईक दारात पोहोचेपर्यंत हे विसरून जातात. ॲपमध्ये लिहिलेलं असलं की स्कॅन करणाऱ्याच्या हातात ती वेळ आधीच असते.

आणि काही वेळा रुग्णालय हे उत्तरच नसतं. हृदय बंद पडलं आणि कुणी छाती दाबली नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. अशा वेळी नकाशा उघडून रस्ता बघत बसणं म्हणजे घर पेटल्यावर विहिरीची जागा ठरवणं. तिथे पडद्यावर एकच वाक्य पाहिजे : छातीच्या मधोमध जोरात दाबा, थांबू नका. आणि जमल्यास शेजारचा माणूस बोलवायचा. स्टॉकहोममध्ये ५०० मीटरच्या आतल्या प्रशिक्षित नागरिकांना फोनवरून बोलावून पाहिलं. २०१५ मध्ये निष्कर्ष आले : मदतीला माणसं धाडली तेव्हा ६२ टक्के रुग्णांची छाती पथक येण्याआधी दाबली गेली होती, एरवी ४८ टक्के. वाचलेल्यांच्या संख्येत त्या चाचणीने ठाम फरक दाखवला नाही, हेही सांगायला हवं. तरी हे काम मला आमच्या ठिपक्यांपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

ठिपक्यांचं नाव काढलंच आहे, तर सिस्टरांच्या प्रश्नाकडे जाऊ.

मी परवानगी काढून त्यांच्या कॅज्युअल्टीत काही रात्री बसले. आमचा संगणक एका कोपऱ्यात, त्याच्या पडद्यावर एक्स-रेचं पाकीट टेकवलेलं. खरी माहिती होती भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर. बेडचा नंबर, पुढे मार्करने दोनतीन अक्षरं, बोटाने पुसून वर पुन्हा लिहिलेली. आणि फोन. “बेड आहे का?” हा प्रश्न मी एका रात्रीत इतक्यांदा ऐकला की मोजायचं सोडलं. दर वेळी उत्तराआधी एक क्षण शांतता. त्या शांततेत सिस्टर काय बघतात? खाट रिकामी आहे का, हे नाहीच. तिथला ऑक्सिजन चालू आहे का, त्या बाजूला नर्स कोण, भूलतज्ज्ञ ऑपरेशनमध्ये अडकलाय का, सहा नंबरच्या आजोबांना वॉर्डात हलवता येईल का. आमच्या ‘उपलब्ध बेड : ३’ या आकड्यात यातलं काहीच नव्हतं.

दुसरी अडचण कुणी उघड बोलत नाही. काही ठिकाणी ठिपका नेहमी हिरवा, कारण रुग्ण यावेत. काही ठिकाणी नेहमी लाल, कारण येऊ नयेत. लाल ठिपका ही नकार देण्याची सोय होऊन बसते. अमेरिकेत १९८६ पासून कायदा आहे की, सरकारी आरोग्य विम्याचे पैसे घेणाऱ्या रुग्णालयाने आपत्कालीन विभागाच्या दारात आलेल्याला तपासलं पाहिजे, जीवावरचा धोका आटोक्यात आणला पाहिजे, पैशाचं नंतर. कायदा असो नसो, ॲपने रुग्णाला दारापासून दूर ठेवण्याचं हत्यार होऊ नये. म्हणून आम्ही लाल रंगच काढला. आता ठिपक्याखाली माहिती किती जुनी आहे ते लिहिलेलं असतं : ‘४ मिनिटांपूर्वी’, ‘९ तासांपूर्वी’. जुनी माहिती करडी पडत जाते. लोकांना ते न सांगता कळतं.

आणि विनंती आली की रुग्णालयातल्या जित्याजागत्या माणसाने ‘हो, आणा’ म्हणायचं. ६० सेकंदांत उत्तर नाही तर पुढच्याला विचारणं सुरू. रुग्णाची गाडी मात्र त्या उत्तरासाठी थांबून राहत नाही, ती सगळ्यात जवळच्या दाराच्या दिशेने निघालेली असते. पहिल्या आठवड्यात बहुतेक विनंत्या बिनउत्तराच्या गेल्या. आम्ही टॅब्लेटवर नाजूक ‘टिंग’ ठेवलं होतं. कॅज्युअल्टीत दहा यंत्रं टिंग टिंग करत असतात, अकरावं कोण ऐकणार?

१९३७ मध्ये लंडनला ९९९ हा आपत्कालीन क्रमांक सुरू झाला, कारण दोन वर्षांपूर्वीच्या एका आगीत शेजाऱ्याचा फोन एक्सचेंजच्या रांगेत अडकून पडला होता. नवा क्रमांक आला तेव्हा एक्सचेंजमध्ये लाल दिवा आणि कर्कश भोंगा बसवला, इतर कॉल सोडून तो आधी घेतला जावा म्हणून. आम्ही हे वाचलं आणि साधा, कानठळ्या बसवणारा भोंगा लावला. सिस्टर पहिल्याच रात्री म्हणाल्या, हा पेशंटना घाबरवतोय. मग भोंगा नर्सच्या टेबलाखाली गेला, आवाज निम्मा झाला, आणि एक दिवा फळ्याच्या वर लागला. कारण तिथे त्या तशाही दर दोन मिनिटांनी बघतात.

गुप्ततेबद्दल दोनच वाक्यं. रुग्णालयाने ‘हो’ म्हणेपर्यंत नाव जात नाही, फक्त वय, त्रास आणि अंतर जातं; ज्यांनी घेतलं नाही त्यांच्या पडद्यावर काही उरत नाही. आणि ठिकाणाचा माग रुग्ण दारात पोहोचला की बंद.

शेवटची गोष्ट त्या फळ्याची. दिवा लागल्यावर एका रात्री मी तिथे होते. दोन विनंत्या अर्ध्या मिनिटाच्या अंतराने आल्या, बेड एकच. आमच्या नोंदींत बेडला दोनच अवस्था होत्या, रिकामा आणि भरलेला. रुग्ण पोहोचेपर्यंत तो बेड ‘रिकामा’च दिसणार, म्हणजे दोघांनाही ‘हो’ जाणार. मी लॅपटॉपकडे धावले. सिस्टरांनी पहिल्याला ‘हो, आणा’ दाबलं, मार्कर उचलला आणि चार नंबरपुढे लिहिलं : ‘येतोय’. दुसऱ्याला स्वतः फोन करून पुढच्या रुग्णालयाकडे वळवलं.

मी विचारलं, हे असं अडवून किती वेळ ठेवता? वीस मिनिटं? अर्धा तास? कोडमध्ये आकडा लागतो हो.

“स्ट्रेचर दारातून आत येईपर्यंत,” त्या म्हणाल्या. “नाही आला, तर मी फोन करून विचारते, कुठे अडकलात?”

आमच्या डेटाबेसमध्ये आता तिसरी अवस्था आहे आणि तिचं नाव ‘येतोय’ असंच आहे. तिला मुदत नाही. अंदाजे वेळ उलटून गेली की ती आपोआप सुटत नाही. फळ्यावरचा दिवा पुन्हा लागतो आणि पडद्यावर गाडीतल्यांचा फोन नंबर येतो.